डिस्कमधली हळद

मी डोंबिवलीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. माझ्या पुढे, दुकानदार मितेशसमोर, एक सासू आणि तिची सून होती.

"मितेश, पडद्यावर सारखं येतंय, डिस्क कंट्रोलर प्रतिसाद देत नाही. दिपेशभावजींच्या हळदीचा व्हिडिओ गेला का रे?"

"नाही वहिनी, डिस्क ठणठणीत आहे. ती चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम बिघडलाय. आत्ता नवा टाकतो."

"टाक. संध्याकाळी माझी मम्मी येतेय बघायला. आई, बसा, मी भाजी घेऊन आले."

सून गेली.

"मितेश, नको टाकू."

"का मावशी?"

"हळदीत सुनेनं नाचायचा नाय, असा मी कृतिकाला बोललेली. मंग बँजो वाजला नं मीच टेबलावर चढली. तिची आई बघंल ना."

"मग वहिनींना काय सांगू?"

"पडद्यावर येतंय तेच सांग."

सून परतली.

"झालं?"

"नाही वहिनी. प्रतिसादच देत नाही."

"असू दे. आईंचा नाच माझ्या फोनवर आहे, मम्मीला कालच पाठवला. ती शिकायलाच येतेय."

"शिकाया?"

"हो आई."

"मितेश, टाक तो नवा ड्रायव्हर. फोनवर पाय नीट दिसत नाय."