एलुआचं मयत

– अहो अहो, चित्राला हात नका लावू! पॅरिसहून आलात म्हणून काय लगेच भिंतीवरून उतरवायचं? बसा आधी. कॉफी पातळ आहे, खाणवस्तीत अशीच मिळते. हां, माझा नवराच तो – एलुआ. मेलेला? छे! चांगला जिवंत होता की तेव्हा! चित्रकार कार्लिए साहेबांना खाणीत मेलेल्या माणसाचं चित्र काढायचं होतं – पॅरिसच्या लोकांना कळू दे, म्हणायचे, त्यांच्या शेगडीतला कोळसा कुठून येतो. भला माणूस. आमच्यातच राहिले, आमचंच बटाट्याचं सूप प्यायले. तर एलुआ म्हणाला, मी होतो की मयत, रविवारी तसाही पडूनच असतो! मेला कायमचा चेष्टेखोर. मग काय – घड्याळ बंद केलं, आरशावर कापड टाकलं, मेणबत्ती लावली, बशीत चर्चमधलं पवित्र पाणी, त्यात हिरवी डहाळी – मयताच्या घरी असतं तसं सगळं. तेवढ्यात शेजारची फिलोमेन आली, हे पाहिलं नि मटकन गुडघ्यांवर बसली. रडत रडत डहाळी उचलून त्याच्यावर पाणी शिंपडलं – आणि हा फिस्सकन हसला! किंचाळली बाई. आम्ही हसून हसून बेजार. का नाही हसायचं? जिवंत होता नवरा माझा. फिलोमेन मात्र हसली नाही. म्हणाली, पाणी पडलं, आता हा मयतच.

त्याच हिवाळ्यात खाली खाणीत आग लागली. एलुआ आतच. आग विझावी म्हणून कंपनीनं बोगद्याचं तोंड विटांनी चिणून टाकलं – आत कुणी जिवंत नाही, म्हणाले. पाहिलं कुणी? सांगा ना, कुणी पाहिलं? विटा लावणारा आमच्याच गल्लीतला. पलीकडून ठकठक येत होती, असं म्हणे तो बायकोला बोलला. मी नाही विचारलं त्याला. विचारायचंच नाही मला. – थांबा, ऐकलंत? नाही? ... फिलोमेन कोबी चिरत असेल. मी भांडी घासताना येतो तो आवाज. मी थांबले की थांबतो.

यावरूनच त्यांनी मोठं चित्र काढलं, त्याला पॅरिसमध्ये पदक मिळालं. हे छोटं कार्लिए साहेब मला द्यायला आले, पण आत यायची छाती होईना, दारातच उभे. आता तेही गेले, आणि तुम्हाला त्यांच्या प्रदर्शनात हे टांगायचंय. अहो, इथे चित्रात तरी तो बिछान्यावर आहे! इथे कुणीतरी त्याचे डोळे मिटलेत. हे बघते, तेव्हा कुठे मला झोप लागते.

बरं, न्या. हो, देते. पैसे खिशातच राहू द्या. पण घरातून मयत निघालं की कबरस्तानातच जातं – पॅरिसमध्येही असंच असेल ना? चर्चमागे त्याच्या नावाचा दगड आहे, खाली कुणी नाही. पाद्रीबाबांना बोलावते, घंटा वाजवायला सांगते. एका बाजूनं मी धरते, दुसरीकडून तुम्ही धरा. पुरू या त्याला. बोला, धरताय?

... टोपी घेतलीत? बरं. सांभाळून जा, पायरी निसरडी आहे.