शेपटीची तुकडी

“‘माशाचं डोकं तातूला, पोटाची तुकडी बाबांना, माझं शेपटीवर भागतं.’ आई कायम हेच सांगायची, बाबा. उद्या तिच्या पानावर शेपटीच वाढू.”

कोलकात्यातल्या गरियाहाटच्या मासळीबाजारात त्या बापलेकांच्या मागे हेमनलिनी उभी होती. तिचा उपवास होता; मासा सुनेसाठी हवा होता. पुढच्या मुलाचं मुंडन ताजं होतं. उद्या बंगाली रीतीप्रमाणे मासा रांधून त्यांचं सुतक फिटणार आणि पहिलं पान गेलेलीचं मांडणार.

“आवडायची म्हणून नाही रे तातू, उरायची म्हणून घ्यायची ती शेपटी.”

“मग काय आवडायचं तिला? वर्षभर तुम्हा दोघांना पुदुच्चेरी, हैदराबाद, सिंगापूर हिंडवलं. एकाहून एक हॉटेलांत जेवू घातलं!”

“आणि ताटांचे फोटो काढलेस.”

“टोमणे नकोत, बाबा.”

“टोमणा नाही रे. सिंगापूरला रश्श्यातलं माशाचं अख्खं डोकं आलं, आठवतं? ती माझ्या कानात म्हणाली, ‘एकदा मला चाखायचं होतं.’”

“मग?”

“तोवर तू ते आपल्या ताटात ओढलं होतंस. मी म्हटलं, घरी गेल्यावर माझ्या हाताने रांधून वाढीन.”

“मग वाढलंत?”

“आल्या आल्या ती तापाने पडली ना.”

“काका, खोळंबा होतोय,” मासेवाला म्हणाला. “शेपटी बांधू?”

“रोहूचं डोकं द्या. मोठं बघून.”

“बाबा, तुम्हाला साधा चहा येत नाही!”

“डोकं घालून आमटी करताना मूगडाळ आधी भाजून घेतात, एवढं पाहिलंय मी.”

हेमनलिनीने पदर सावरून वाट दिली. म्हाताऱ्याने पिशवी मुलाच्या हाती दिली नाही. ती छातीशी धरून तो डाळीच्या दुकानाकडे वळला.