सहा माणसं बसवून ठरलेला टायर

लेकीचा मेडिकलला नंबर लागला तर घरातल्या सगळ्यांना घेऊन माहूरला रेणुकामातेची ओटी भरीन, असं मी बोलले होते. दोन वर्षं लातूरला शिकवण्या लावून पोरीनं नंबर काढला. मग आमच्या ह्यांना हौस आली, की घाट चढायचा तर जुन्या गाडीला चांगले रुंद टायर पाहिजेत.

आम्ही सगळेच नांदेडला मुनीरचाचांच्या टायरच्या दुकानी गेलो. चाचा म्हणाले, "भाऊ, तुमची रिम हाय अरुंद. लहान खोळीत मोठी उशी कोंबल्यावानी होईल. वळणावर गाडी डुलंल."

"मग रिमबी रुंद टाका," हे म्हणाले.

चाचांनी आम्हा सहाही जणांना गाडीत बसवलं. ह्यांना स्टेअरिंग पुरतं वळवायला लावलं आणि स्वतः खाली बसून चाक नि मडगार्डच्या मधे बोटं घातली. "बघा, भरल्या गाडीत दोनच बोटं मावून राहिली. रुंद चाक घाटात घासंल. रिम हीच राहू द्या, टायर एकच नंबर वाढवा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घेऊ नका म्हणणारा दुकानदार आज पाहिला बाई."

"अम्मा, गिऱ्हाईक घाट उतरून परत आलं तर पुढं विकीन ना."

ह्यांनी चाचांचं ऐकलं, आणि माहूरच्या घाटाची सगळी वळणं गाडीनं बिनघोर घेतली. ओटी भरताना मी एक नारळ चाचांच्या नावानंही ठेवला.

शोभाताई, तुम्हीही टायर बदलायचे म्हणत होता, म्हणून हे सांगितलं; मोकळी गाडी नेऊ नका. घरची सगळी माणसं बसवून न्या आणि मगच माप ठरवा.