पालक, आत्या आणि बाबांचं रक्त

...नाही हो, पालक वाईट असं मी म्हटलंच नाही! पालक चांगला, मुळ्याचा पाला तर फारच सज्जन! माझं म्हणणं एवढंच, की आमच्या बाबांच्या हृदयात नवी झडप बसवलीय, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, पाल्यातलं जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. पालेभाजी खाऊ दे, पण रोज तेवढीच. वाढवायची नाही, बंद करायची नाही." झालं! आता हे घरात बोलणार कोण? मी! आणि मी कुठे बोलतो!

तुम्हाला सांगतो, त्याच आठवड्यात आत्या राहायला आली. आत्या तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त, आणि मी नववीत शाळा सोडून हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलणारा. तिने बाबांना नुसतं पाहिलं, "दादा, तुझं चयापचय मंदावलंय रे!" आणि सुरू... सकाळी पालकाचा रस, दुपारी पालेभाजी, चार वाजता हिरवं सूप, रात्री पुन्हा पालेभाजी! घराचा गोठा झाला, फक्त हंबरायचं बाकी! मी धीर करून म्हटलं, "आत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..." "चयापचय म्हणजे काय, सांग बरं?" घ्या! अहो, खिळा दीड इंची की दोन, ते विचारा ना!

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई उडाल्याच, "रक्त घट्ट होतंय! गुठळी झाली असती म्हणजे? खाण्यात काय बदललं?" बाबा आत्याकडे बघतायत, आत्या पंख्याकडे. बोलणार कोण? मी! मी आपला चपलेचा अंगठा न्याहाळतोय. "पाला वाढलाय तुमचा. आधी होता तेवढाच ठेवा," बाई म्हणाल्या. यातलं आत्याने ऐकलं किती? 'पाला वाढलाय' एवढंच! घरातून कोथिंबीरसुद्धा हद्दपार! बाबांचा हिरवा सदरा तेवढा वाचला, तोही कपाटात होता म्हणून!

दहा दिवस झाले असतील, सकाळी दात घासताना बाबांच्या हिरड्यांतून रक्त... थांबेचना! बेसिन लाल. आणि आमची विज्ञानशिक्षिका? पिशवी घेऊन दारात! "थांब दादा, दोन जुड्या पालक आणते!"

तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, मी दारात आडवा उभा राहिलो आणि ओरडलो, "पिशवी ठेव खाली! वाढवायची नाही, बंद करायची नाही! रोज तेवढीच! आणि आधी दवाखाना!"

बाबा तोंडावरचा टॉवेल काढून बघतायत, रक्त राहिलं बाजूला, "हा बोलतो?"

दवाखान्यात बाबा सावरले, आणि मी पाल्याचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलाला सगळं नीट माहीत आहे की! मग आधी का नाही बोललास?" त्यावर आत्या, "मीही तेच म्हणते!" म्हणते हो, तेच म्हणते!

आता रोज एक वाटी, तोलून. तोलणार कोण? खिळेवाला! बरं, दवाखान्यातून परततानाच भाजीवालीकडे आत्याने रोजच्या चार जुड्या महिनाभरासाठी सांगून ठेवल्यात, त्या काही रद्द होत नाहीत. "दादाची वाटी काढलीस ना? उरलेलं सगळं तुझ्या ताटात. तुला कुठे गोळी आहे!"

आता यावर बोलणार कोण? मी! बोललो असतो हो, शिकलोय आता... पण तोंड रिकामं कधी असतं?