योहान मास्तरांचा अर्ज

१९७२ साल. नागपुरात स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळणार होते. अर्जांच्या रांगेत माझ्यापुढे धोतरातले एक गृहस्थ होते आणि त्यांच्यापुढे एक म्हातारी. गृहस्थांनी तिचा अर्ज मागूनच वाचला.

"योहान? हे तं किरिस्तावाचं नाव हाये, मावशी."

"माह्या नवऱ्याचं हाये. मिशनच्या शाळेत मास्तर होते. बेचाळीसात जेलात गेले."

"किरिस्ताव अन् जेलात? ते तं इंग्रजाइकडचे होते ना?"

"चौथी चक्कर हाये माही, भाऊ. खिडकीतला बाबूही दर बारी हेच इचारते. जेलातून सुटले तं मिशननं नोकरीवरून काढलं, म्हने तुम्ही गांधीवाले. आता तुम्ही म्हनता इंग्रजवाले. मानसानं जावं तरी कुठं?"

"राग नका मानू. योहानच्या जागी यशवंत लिहा. काम होऊन जाईन."

"काहून लिहू? जेलातला गोरा साहेबही असाच सोपा रस्ता सांगत होता. तू आमच्याच धर्माचा, माफी लिहून दे अन् नाताळले घरी जा."

"मंग?"

"मंग काय! म्हनाले, येशूले मानतो म्हनूनच खोटी माफी लिहिनार नाही. नाताळ तिथंच काढला. अन् मी आता खोटं नाव लिहू?"

गृहस्थ तिच्या खांद्यावरून वाकून अर्ज पुन्हा वाचू लागले.

"सरका, खिडकी उघडली. हं बाबू, लिहा. योहान लक्ष्मण शेंडे."

"योहान? किरिस्ताव अन् जेलात?"

म्हातारीच्या आधी मागचे गृहस्थच ओरडले,

"लिही नं गा बाबू! पुरं नाव लिही!"