नाव नसलेली चिठ्ठी

कंपाउंडर: सहाला तू उठलास. चहा केलास, माझा कप बशीने झाकलास. सव्वासहाला पांघरुणांच्या गठ्ठ्याखालून पांढरा शर्ट काढून त्याला इस्त्री केलीस, कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातलास आणि वर डबा ठेवलास. मी जागा होतो.

शिंपी: मग उठायचं होतंस. चहा तरी गार झाला नसता.

कंपाउंडर: शर्ट कुणाचा?

शिंपी: गिऱ्हाइकाचा. शिंप्याच्या पिशवीत आणखी कुणाचा असणार?

कंपाउंडर: गिऱ्हाइकांचे कपडे तू दुकानातच ठेवतोस. हा तीन आठवडे घरात दडलाय. कॉलरला चिठ्ठी टाचलेली. मापं आहेत, नाव नाही. नाव नसलेली बाटली मी दवाखान्यात कुणाच्या हातात देत नाही.

शिंपी: म्हणून दवाखाना सोडून माझ्या मागोमाग दुकानात आलास?

कंपाउंडर: डॉक्टरांना सांगितलंय, उशीर होईल म्हणून.

शिंपी: थांब, दार लोटतो. समोरचा न्हावी कान टवकारून बसलाय.

कंपाउंडर: दार उघडंच राहू दे.

शिंपी: हो. विसरलो.

कंपाउंडर: सहा वर्षांत कधी विसरला नव्हतास. म्हणूनच विचारतोय. छाती अडतीस, कंबर चाळीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. आधी वाटलं, माझाच शर्ट आहे. माझं पोट सुटणार हे धरून चाललायस. मग आठवलं. असा खांदा आमच्या घरात दोघांनाच आहे.

शिंपी: बस जरा.

कंपाउंडर: तू गेलास बाबांकडे?

शिंपी: तेच आले. नाव भलतंच सांगितलं. खांद्यावर टेप ठेवली आणि माझा हात थांबला. इतकी वर्षं तुझे शर्ट शिवतोय, तो खांदा मी डोळे मिटूनही ओळखीन. खोटं नाव लिहवेना, खरं लिहायचं धाडस होईना.

कंपाउंडर: ज्या माणसाने मला माळ्यावर नऊ दिवस कोंडलं, त्याची छाती मोजलीस आणि संध्याकाळी घरी येऊन विचारलंस, ‘आज दवाखान्यात गर्दी होती का?’

शिंपी: विचारलं.

कंपाउंडर: काय शिजतंय तुमचं? पुन्हा मुलगी बघून ठेवलीय माझ्यासाठी?

शिंपी: काही नाही. शर्ट चार दिवसांतच झाला होता. मीच तारखा देत होतो. कधी बटणं संपली, कधी काजं राहिली.

कंपाउंडर: कशासाठी?

शिंपी: शर्ट हातात पडला की ते तुझा विषय काढतील. काढला की मला तुला सांगावं लागेल. आणि रक्ताचं माणूस दारात उभं राहिल्यावर शिंप्याला कोण पुसतो?

कंपाउंडर: आपण खोली घेतली, तेव्हा दाराची बाहेरची कडी कुणी उचकटून काढली? घरमालकाची बोलणी कुणी खाल्ली?

शिंपी: मी.

कंपाउंडर: मग हे सुचतं कसं तुला? ते चिडले नाहीत तारखांवर?

शिंपी: एकदाही नाही. पाणी मागतात, बसून राहतात. परवा म्हणाले, ‘घरी सगळ्यांची तब्येत बरी ना?’

कंपाउंडर: माझा विश्वास नाही. त्या दिवशीही असंच गोड बोलले होते. ‘जरा माळ्यावरची पेटी काढून दे.’ मी आत गेलो आणि मागे कडी वाजली.

शिंपी: नऊला येतील. तू जा. इस्त्रीने शर्ट जळाला, असं सांगतो.

कंपाउंडर: इतका नीट शिवलेला? दे इकडे. आणि पेन दे.

(पायरीवर काठी टेकल्याचा आवाज.)

गिऱ्हाईक: मास्तर, झाला का? की आजही तारीख?

कंपाउंडर: झालाय. चिठ्ठीवर नाव तेवढं राहिलंय. खरं लिहा, बाबा.

गिऱ्हाईक: तू... चष्मा नाही आणला मी.

कंपाउंडर: स्वतःचं नाव लिहायला चष्मा कशाला?

गिऱ्हाईक: हे घे. घरी येशील?

कंपाउंडर: नाही.

गिऱ्हाईक: बरं. हा खांद्यात ओढला तर? इथंच आणू?

कंपाउंडर: आमच्या घरी आणा. रविवारी आम्ही दोघंही असतो. पत्ता यांना विचारा.

गिऱ्हाईक: सांगता का, मास्तर?

शिंपी: मागच्या गल्लीत, वरचा मजला. दाराला बाहेरून कडी नाही, ते आमचं.