मामाचा ट्रक आणि माझं वऱ्हाड

तुम्ही सगळे लग्नात घोड्यावर बसलात, मी ट्रक ढकलला.

झालं असं, की रघूमामाच्या ट्रकचं डिझेल इंजिन नेमकं माझ्या लग्नाच्या आठवड्यात बसलं. त्याचा पंप उघडणारा माणूस कर्जतमध्ये नव्हता. मग मिस्त्रीनं शेडमधलं जुनं, कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन चढवलं. डिझेल बंद करायला डॅशबोर्डवर जो खटका ओढायचे, त्यालाच त्यानं चोकची तार जोडून टाकली.

"थंड असताना चालू करायलाच ओढ," मिस्त्री म्हणाला.

"मला नको शिकवू रं," मामा म्हणाला.

चौक या नवरीच्या गावी जाताना दोनदा चहाला थांबलो आणि दोन्ही वेळा ट्रक चालू होईना. मुंडावळ्या कानामागे सारून मीही ढकलत होतो. येताना नवरी केबिनमध्ये मामाशेजारी बसली. तरी पुन्हा दोनदा ढकलाढकली झालीच.

कर्जत आल्यावर ट्रक बंद करायला मामानं सवयीनं खटक्याला हात घातला, तशी ती हळूच म्हणाली, "मामा, तो चोक हाय. तो ओढून बंद केलं की आत पेट्रोल साचतं, मग लवकर चालू होत नाय. चावी फिरवून बंद करा. आमच्या बाबांची जीप पेट्रोलवरच हाय."

मामानं चावी फिरवली. मग म्हणाला, "पोरी, वाटेत का नाय बोललीस गं?"

"नवरा किती जोर लावतो, ते बघत होते."